टाऊ न्यूट्रिनोचं चुंबकीय परिबल कोलायडरवर: कट कुठे ठेवायचे?

मंदाकिनी: टाऊ न्यूट्रिनो (न्यूट्रिनोच्या तीन प्रकारांपैकी एक) किंचित चुंबकासारखा वागतो का, म्हणजे त्याला चुंबकीय परिबल आहे का, ते शोधायचंय. लेप या जुन्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरवर एल३ प्रयोगानं या परिबलावर ३.३×१०^-६ बोर मॅग्नेटॉनची (परिबलाचं एकक) वरची मर्यादा घातली, डोनट प्रयोगानं ३.९×१०^-७. सौर न्यूट्रिनो वापरून झेनॉन-एनटी हा द्रव झेनॉनचा डिटेक्टर २०२२ मध्येच ६.४×१०^-१२ पर्यंत पोचला. मग कोलायडरवर शोधण्यात काय हाशील? आणि फक्त एकच फोटॉन दिसतो अशा टकरींच्या विश्लेषणात कट (कुठली घटना ठेवायची, कुठली टाकायची त्या सीमा) कसे ठरवतात?

तिरपा_किरण: आधी कट. परिबलामुळे सुटणारा फोटॉन बाहेर पडणाऱ्या न्यूट्रिनोकडून येतो, म्हणून तो जास्त ऊर्जेचा असतो. पार्श्वभूमीतला (सिग्नलसारख्या दिसणाऱ्या नेहमीच्या घटनांमधला) फोटॉन येणाऱ्या इलेक्ट्रॉनकडून सुटतो. तो मवाळ आणि बीमला चिकटलेला. खरा त्रास इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन-फोटॉन घटनांचा: दोन्ही कण बीमपाइपमध्ये निसटले की उरतो फक्त फोटॉन. सर्वांत आतला कॅलरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) बीमपासून θ कोनावर सुरू होत असेल, तर अशा फोटॉनचा आडवा (बीमला काटकोनातला) संवेग (२×बीम ऊर्जा − फोटॉन ऊर्जा)×साइन θ याच्या वर जाऊ शकत नाही. बीम ४५.६ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट), फोटॉन २० जीईव्ही, θ २५ मिलिरेडियन धरा: १.८ जीईव्ही. कट याच्या वरच हवा, आणि त्या कॅलरीमीटरमधल्या भेगांचा नकाशा आधी तपासा. वैश्विक किरण वेळेवरून आणि शॉवरच्या आकारावरून गाळता येतात.

हाशील म्हणाल, तर सौर प्रयोग सगळ्या प्रकारांचं मिश्रण मोजतात. कोलायडरवर न्यूट्रिनो जन्मले त्याच प्रकाराचे राहतात. शिवाय न्यूट्रिनो मायोराना, म्हणजे स्वतःचाच प्रतिकण, असेल तर स्वतःच्याच प्रकाराशी परिबल शून्य येतं, उरतं ते दोन वेगळ्या प्रकारांमधलं. त्याची खूण म्हणजे समान विद्युतभाराचे पण वेगळ्या जातीचे दोन लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, म्युऑन किंवा टाऊ), आणि ती उच्च ऊर्जेच्या कोलायडरवर शोधता येते.

आर्गॉनवाला: एलएचसी या प्रोटॉन कोलायडरवर मला न्यूट्रिनो आदळून इलेक्ट्रॉनला बसणारा धक्का मोजणं जास्त आशादायक वाटतं. परिबलाचा काटछेद (टक्कर होण्याच्या शक्यतेचं माप) धक्क्याची ऊर्जा घटेल तसा व्यस्त प्रमाणात वाढतो, स्टँडर्ड मॉडेलचा (परिबलाशिवायच्या ज्ञात प्रक्रियेचा) या भागात जवळपास सपाट असतो. ३० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ते १ जीईव्ही या पट्ट्यात १०^-८ परिबलासाठी सुमारे ८.७×१०^-४१ चौ. सेंमी. येतात, तर स्टँडर्ड मॉडेलचे २×१०^-४२. पण हे फक्त टाऊचं. म्युऑन न्यूट्रिनोंचा प्रवाह कितीतरी मोठा असल्यानं पार्श्वभूमी तेच ठरवतात.

अ‍ॅटलासच्या टक्करबिंदूपासून ४८० मीटरवरच्या फेझर-न्यू या डिटेक्टरमध्ये १.१ टन टंगस्टन आहे, पण त्यातल्या इमल्शनला (कणांचे माग टिपणाऱ्या फिल्मला) वेळ कळत नाही. म्युऑनांच्या गर्दीत एकटा मवाळ इलेक्ट्रॉन हुडकणं कठीण. यासाठी द्रव आर्गॉनच हवा. फ्लेअर या अशाच डिटेक्टरचा १० टनांचा प्रस्ताव आहे. फोटॉनपासून झालेली इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी एका इलेक्ट्रॉनसारखी दिसते. मागाच्या सुरुवातीला ऊर्जाऱ्हास दुप्पट आहे का, ते पाहून ती ओळखा.

कोनाचा कट सरसकट ठेवू नका. १ जीईव्हीला धक्का न्यूट्रिनोच्या दिशेपासून १.८ अंशांत असतो, ३० एमईव्हीला १०.६ अंशांपर्यंत जातो, वर आर्गॉनमधलं विखुरणं आहेच. सरसकट २ अंश लावले तर आपलाच सिग्नल जाईल.

मंदाकिनी: उंबरठा (मोजता येणारी किमान ऊर्जा) ३०० एमईव्हीला न्यावा लागला तर?

आर्गॉनवाला: सिग्नल एक तृतीयांश राहतो, स्टँडर्ड मॉडेलची पार्श्वभूमी ७० टक्क्यांच्या वरच. म्हणून आधी उंबरठ्यासाठी भांडा, टनांसाठी नंतर.