बहुतेक उत्परिवर्तने एन्झाइम बिघडवतात, मग त्यांतून प्रतिजैविकांना प्रतिरोध कसा निर्माण होतो?

रेणुजिज्ञासू यांचा प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सध्या बीटा-लॅक्टमेझ एन्झाइमांचा, म्हणजे पेनिसिलिनसारखी औषधे तोडणाऱ्या जिवाणूंच्या एन्झाइमांचा, भाग सुरू आहे. प्रथिनातील एखादे अमिनो आम्ल यदृच्छेने बदलले, तर त्या प्रथिनाचे बहुधा नुकसानच होते, असे एका प्रकरणात वाचले. पुढच्याच प्रकरणात मात्र एका अमिनो आम्लाच्या बदलाने जिवाणू नव्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांना (पेनिसिलिनशी नाते असलेल्या प्रतिजैविकांना) दाद देईनासा होतो, असे लिहिले आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी? शिवाय, औषध तोडणारे एन्झाइम आणि औषध ज्याच्यावर हल्ला करते ते एन्झाइम, या दोहोंतील उत्परिवर्तनांचा विचार एकाच पद्धतीने करावा का? उत्परिवर्तनांच्या याद्या माझ्याजवळ आहेत. मला त्यांमागची कारणे समजून घ्यायची आहेत.

प्रथिनवेध यांचे उत्तर

पहिले विधान उत्परिवर्तनांविषयी आहे आणि दुसरे निवडीविषयी, म्हणून दोन्ही खरी आहेत. ई. कोलायमध्ये एका विभाजनात डीएनएचे एक ठरावीक अक्षर बदलण्याची शक्यता ढोबळमानाने १,००० कोटींत एक असते, आणि एक लिटर दाट कल्चरमध्ये सुमारे १ लाख कोटी पेशी असतात. म्हणजे एका अक्षराचा जवळजवळ प्रत्येक संभाव्य बदल त्या कल्चरमध्ये कुठे ना कुठे आधीच झालेला असतो. त्यांतले हानिकारक बदल मागे पडतात आणि औषध आले की एखादाच उपयोगी बदल उरतो. औषध उत्परिवर्तन घडवत नाही, ते फक्त निवड करते. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ साली जिवाणुभक्षी विषाणू वापरून दाखवले होते की प्रतिरोधक पेशी विषाणूशी गाठ पडण्याआधीच अस्तित्वात असतात, आणि प्रतिजैविकांच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो.

आता कारणांकडे वळू. टेम-१ हे बीटा-लॅक्टमेझ १९६०च्या दशकात अथेन्समधील एका रुग्णाच्या नमुन्यातून मिळालेल्या ई. कोलायमध्ये सापडले. त्याच्या सक्रिय स्थळी, म्हणजे जेथे औषध तोडले जाते तेथे, ७० क्रमांकाचे अमिनो आम्ल सेरीन असते. ते पेनिसिलिनच्या चौकोनी बीटा-लॅक्टम वलयावर हल्ला करून वलय उघडते आणि क्षणभर औषधाशी सहसंयुज बंधाने जोडले जाते. मग १६६ क्रमांकाचे ग्लुटामिक आम्ल पाण्याच्या एका रेणूला सक्रिय करते, तो रेणू हा बंध तोडतो, आणि एन्झाइम पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. एका सेकंदात असे हजाराच्या आसपास रेणू निकामी होतात. सेफोटॅक्सीम हे नव्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन मात्र टेम-१ला फारसे तोडता येत नाही, कारण त्याची अवजड बाजूची साखळी सक्रिय स्थळाच्या अरुंद जागेत नीट बसत नाही.

२३८ व्या जागी ग्लायसीनऐवजी सेरीन आले की ही जागा थोडी रुंद होते आणि सेफोटॅक्सीम आत बसू लागते. तुमच्या शंकेची उकल येथेच आहे. हा बदल एन्झाइमला सरसकट सुधारत नाही. पेनिसिलिन तोडण्याचा वेग घटतो आणि प्रथिनाची घडीही सैल पडते. म्हणजे ‘उत्परिवर्तन प्रथिनाचे नुकसान करते’ हे विधान याही बदलाला लागू आहे. फक्त सेफोटॅक्सीम समोर असताना ते नुकसान जिवाणूला परवडते.

याच टप्प्यावर १८२ व्या जागेचे महत्त्व कळते. तेथे मिथिओनीनच्या जागी थ्रिओनीन आले, तर केवळ त्यामुळे सेफोटॅक्सीमला प्रतिरोध वाढत नाही, कारण ही जागा सक्रिय स्थळापासून बरीच दूर आहे. हा बदल प्रथिनाची घडी मजबूत करतो. २३८चा बदल झालेल्या एन्झाइममध्ये तो आला की सैल पडलेली घडी सावरते, पेशीत कामाचे एन्झाइम जास्त प्रमाणात टिकते आणि प्रतिरोध पुष्कळ वाढतो. एखाद्या उत्परिवर्तनाची किंमत त्याच्या सोबतीला कोणते दुसरे उत्परिवर्तन आहे यावर ठरते, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टेम एन्झाइममधील चार बदल आणि त्याच्या जनुकाच्या प्रवर्तकातील (जनुक किती वापरले जाईल हे ठरवणाऱ्या भागातील) एक बदल, असे पाच बदल सर्व शक्य संयोगांत तपासले गेले. पाचही एकत्र आले की सेफोटॅक्सीमला प्रतिरोध सुमारे १ लाख पटींनी वाढतो. हे पाच बदल एकामागून एक घडण्याचे १२० क्रम संभवतात. परंतु प्रत्येक पायरीला प्रतिरोध वाढत जाईल असे क्रम त्यांपैकी केवळ १८ निघाले. म्हणून उत्परिवर्तनांची यादी वाचताना शेजारी क्रमाचा विचार केला नाही, तर ती यादी फारसे काही सांगत नाही.

पेट्री यांचे उत्तर

वरील विवेचनास प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी जोड देतो. असे बदल झालेले एन्झाइम पुष्कळदा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने (क्लॅव्ह्युलॅनेट, बीटा-लॅक्टमेझ अडवणारे औषध) रोखले जाते, आणि हे डोळ्यांनी पाहता येते. आगार प्लेटवर जिवाणू पसरून क्लॅव्ह्युलॅनेटची चकती आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर सेफोटॅक्सीमची चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी सेफोटॅक्सीमभोवतीचे वाढ नसलेले वर्तुळ क्लॅव्ह्युलॅनेटच्या दिशेने ओढल्यासारखे फुगलेले दिसते, कारण दोन्ही औषधे जेथे एकमेकांत मिसळतात तेथे एन्झाइम अडवले जाते आणि सेफोटॅक्सीम टिकून राहते. मात्र टेममध्येच ६९ किंवा २४४ व्या जागी विशिष्ट बदल झाले, तर क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचा प्रभाव घटतो. असे एन्झाइम बहुधा सेफोटॅक्सीम तोडण्यात कमकुवत असते, त्यामुळे ही चाचणी ते पकडण्यासाठी योग्य नाही.

लक्ष्यवेधी यांचे उत्तर

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहितो. औषध तोडणाऱ्या एन्झाइमला नवे काम शिकावे लागते. लक्ष्य असलेल्या एन्झाइमला जुने काम न सोडता औषधाची पकड ढिली करावी लागते. रिफाम्पिसिन हे क्षयावरील औषध आरएनए पॉलिमरेझ या आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमच्या बीटा उपघटकाला चिकटते आणि आरएनएची वाढती साखळी अडवते. क्षयाच्या जिवाणूत या प्रतिरोधाला कारणीभूत ठरणारे बहुतेक बदल या उपघटकाच्या आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका तुकड्यात सापडतात. पॉलिमरेझशिवाय पेशी जगूच शकत नाही, म्हणून बदलाला वाव असतो तो एवढ्याच ठिकाणी, जेथे औषध चिकटते.

आयसोनियाझिड या क्षयावरील दुसऱ्या औषधाची गोष्ट निराळी आहे आणि ती मला सर्वांत बोधप्रद वाटते. हे औषध मुळात निष्क्रिय असते. जिवाणूचेच कॅटजी हे एन्झाइम त्याला सक्रिय करते. तेव्हा कॅटजी पूर्णपणे बंद पाडले की प्रतिरोध मिळतो. पण हेच एन्झाइम पेरॉक्साइडांपासून जिवाणूचे रक्षणही करते, त्यामुळे ते गमावणे महागात पडते. रुग्णांत वारंवार आढळणाऱ्या बदलात ३१५ व्या जागी सेरीनच्या ठिकाणी थ्रिओनीन आलेले असते: औषध सक्रिय करण्याची क्षमता खूप घटते, पण पेरॉक्साइड हाताळण्याची क्षमता बरीचशी शाबूत राहते.

रेणुजिज्ञासू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. प्रत्येक बदलाची काही किंमत मोजावी लागत असेल, तर औषधाचा वापर थांबवल्यावर मूळचा संवेदनशील जिवाणू पुन्हा वरचढ होईल, अशी अपेक्षा ठेवावी का?

प्रथिनवेध

कधीकधी ठेवता येते, पण तिच्यावर विसंबू नये. आरपीओबीमधील बदलामुळे पॉलिमरेझ मंदावले, तर आरपीओसी या शेजारच्या उपघटकाच्या जनुकात दुसरा बदल होऊन वेग भरून निघतो आणि प्रतिरोध तसाच राहतो. मागे वळण्यापेक्षा पुढे सावरणे जिवाणूला पुष्कळदा सोपे जाते, कारण मूळ स्थितीकडे नेणारा बदल एकच असतो आणि भरपाई करणारे बदल अनेक.

उलट उदाहरणही आहे. केपीसी या कार्बापेनेम गटातील प्रतिजैविके तोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेझमध्ये १७९ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी टायरोसीन आले की सेफ्टाझिडीम (एक सेफॅलोस्पोरिन) आणि अ‍ॅव्हिबॅक्टम (बीटा-लॅक्टमेझ अडवणारे औषध) ही जोडी निष्प्रभ होते, पण त्याच वेळी कार्बापेनेम तोडण्याची त्याची क्षमता कोसळते. सक्रिय स्थळाशेजारच्या ओमेगा फासाला (प्रथिनसाखळीच्या वळणाला) धरून ठेवणारा बंध या बदलाने तुटतो, फास सैल होतो, आणि एका औषधाला वाट मोकळी होताना दुसऱ्याची सोय जाते. चाचणीत असा जिवाणू कार्बापेनेमला संवेदनशील दिसू शकतो. तरीही कार्बापेनेम देऊन उपचार सुरू केल्यावर त्यालाही प्रतिरोध पुन्हा उद्भवल्याचे आढळले आहे, म्हणून अशा अहवालाच्या आधारे एकट्या कार्बापेनेमवर भिस्त ठेवताना उपचारांदरम्यान नमुना पुन्हा तपासणे आवश्यक ठरते.