जामीन मिळाला, पण जामीन मिळत नाही

कोर्टनाका
मंडळी, एका शब्दावर अडलोय. ठाण्यात आमचा सात-आठ जणांचा छोटा गट आहे. तुरुंगात मुलाखतीला आलेल्या आणि कोर्टात तारखेला आलेल्या नातेवाइकांना आम्ही कागदपत्रांत मदत करतो. त्यांच्यासाठी मराठीत एक पानी पत्रक करायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला गाडी रुतली.

मागच्या महिन्यात ठाण्याजवळच्या दिवा गावाहून एक बाई आल्या होत्या. मुलगा मोबाइल चोरीच्या आरोपावरून आत. जामीन मंजूर होऊन तीन आठवडे झालेले, तरी मुलगा आतच. मला म्हणाल्या, "जामीन मिळाला हो दादा, पण जामीन मिळत नाही ना!" मला क्षणभर हसू आलं. मग लक्षात आलं, वाक्यात चूक काहीच नाही. पहिला जामीन कोर्टाने दिलेला. दुसरा म्हणजे सही करायला उभा राहणारा माणूस, तो त्यांना सापडत नव्हता. आता पत्रकात कुठला जामीन लिहू?

आणखी एक. त्यांच्या पिशवीत आधार कार्ड होतं, रेशन कार्ड होतं आणि लॅमिनेट करून जपलेला जातीचा दाखला. तो कशाला आणलात विचारलं, तर वकिलाच्या माणसाने सांगितलं होतं म्हणे, "जातमुचलक्यावर होतं का बघू."

शब्दवेडी ऐरोली
बाईंचा दुसरा जामीन हाच शब्दाचा मूळ अर्थ. अरबी 'ज़ामिन' म्हणजे हमी घेणारा. तो माणूसच, कागद नव्हे. "सोसायटीच्या कर्जाला मी त्याला जामीन राहिलो" असं आपण अजूनही म्हणतो, तिथे जुना अर्थ शाबूत आहे. पुढे माणसाच्या हमीवर जी सुटका व्हायची तिलाच जामीन म्हणू लागले आणि माणसासाठी वेगळा शब्द हवा म्हणून 'जामीनदार' आला. म्हणजे मुळात माणूसच असलेल्या शब्दाला 'दार' लावून आपण पुन्हा माणूस केलंय. इंग्रजीतही पूर्वी हमी राहणाऱ्या माणसाला 'बेल' म्हणत.

जातमुचलक्यातली 'जात' ही अरबी 'ज़ात', म्हणजे स्वतः. "साहेब जातीने हजर होते" मधली. मुचलका फारसीतून आलेला तुर्की शब्द, लेखी करार या अर्थाचा. स्वतःच स्वतःसाठी लिहून द्यायचं, दुसरा माणूस लागत नाही. त्यामुळे पेपरात रोज येणारा 'वैयक्तिक जातमुचलका' म्हणजे पिवळा पीतांबर.

खारघरकर
आमच्याकडे तळोजा जेलच्या रस्त्यावर कोणी 'जामीन' म्हणत नाही, सगळे 'बेल झाली' म्हणतात. माझी आजी बेल म्हटलं की बेलभंडारा समजायची. शपथ घ्यायला उचलतात तो. अर्थ फार लांबचा नाही, दोन्हीकडे शब्द देऊनच सुटका.

शिरस्तेदार निवृत्त
३१ वर्षं कोर्टात काढली, म्हणून थोडं लांबण लावतो.

जुन्या कागदांत जामिनाचे प्रकार वेगवेगळे लिहिलेले सापडतात. हाजीरजामीन म्हणजे हा माणूस बोलावल्यावर हजर होईल याची हमी. मालजामीन, पैशाची हमी. फैलजामीन, वर्तणुकीची हमी. तिन्ही एकाच माणसाने द्यावेत असं नाही. गरिबाला गावचा पाटील किंवा एखादा भाऊबंद हाजीरजामीन राहू शकत होता. त्याच्या घरात किती भांडी आहेत हे कोणी विचारत नव्हतं, कारण प्रश्न हजेरीचा होता.

आता फौजदारी कोर्टातला जामीन कशासाठी असतो? आरोपीने तारखेला यावं यासाठी. म्हणजे हाजीरजामीन. आणि आम्ही टेबलावर मागायचो काय? पगाराची स्लिप, घरपट्टीची पावती, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. हे सगळं मालजामिनाचं सामान. नाव एकाचं आणि मागणी दुसऱ्याची. तीन शब्द मिटून एक उरला त्यात ही सरमिसळ लपून गेली, असं मला वाटतं. दिव्यातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या ओळखीत घरपट्टी भरणारा कोण असणार? तिच्या मुलाला तारखेला घेऊन येईल असा मामा मात्र नक्की असेल.

याच फटीत भाडोत्री जामीन शिरतात. एकच रेशन कार्ड घेऊन सकाळी एकासाठी, दुपारी दुसऱ्यासाठी. पत्रकात त्यांच्यापासून सावध करा, ठळक अक्षरात.

वकीलसाहिबा वाशी
शिरस्तेदार काकांचा मुद्दा सुप्रीम कोर्टानेही जवळजवळ शब्दचर्चा करूनच सोडवला होता. १९७८ सालचा मोतीराम खटला. मध्य प्रदेशातला गवंडी, खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीन राहायला तयार होता तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलं की कायद्यात 'बेल'ची व्याख्याच नाही, तेव्हा त्या शब्दात जामीनदारासह सुटका आणि स्वतःच्या बंधपत्रावर सुटका, दोन्ही येतात. मोतीराम एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सुटला. ठाण्यात निम्मे आरोपी बीड-जौनपूरकडचे असताना "जामीनदार इथलाच आणा" असं कोणी म्हणालं तर हा खटला आठवावा. (निम्मे हा माझा अंदाज, कोर्टात बसून आलेला.)

ती नसलेली व्याख्या आता आली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) जामीनदाराशिवाय ते बंधपत्र आणि जामीनदारासह ते जामीनपत्र, असा फरक थेट कलम २ मध्येच केलाय.

कोर्टनाका, पत्रकात व्याख्येपेक्षा हे घाला. ३१ जानेवारी २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार, जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना फुकट वकील देणारी सरकारी यंत्रणा) कळवायचं असतं. प्राधिकरण मग विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवू शकतं. महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर अट शिथिल करायची का, हे कोर्ट आपण होऊन पाहू शकतं. तुमच्या बाईंचे तीन आठवडे झाले होते ना? गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तीतून पैसे मिळू शकतात. जिल्ह्याची समिती ते मंजूर करते आणि प्रकरणं तयार करायला सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेऊ शकते. तिथे तुमच्या गटाला जागा आहे.

खारघरकर
'कच्चा कैदी' वरून आठवलं, पत्रकात 'न्यायाधीन बंदी' लिहू नका. कारागृहाच्या कागदात तेच असतं, पण एकतर बंदी म्हणजे मनाई असं वाटतं, आणि 'न्यायाधीन' कोणाच्या तोंडी नाही. कच्चा कैदी सगळ्यांना कळतो. खेळातल्या कच्च्या लिंबासारखा, सगळ्यांबरोबर पळायचं पण धरायचं नाही. फरक एवढाच की इथे आधीच धरलेलं असतं.

शब्दवेडी ऐरोली
गटाचं नाव काय लिहिणार? 'स्वयंसेवी संस्था'? आमच्या सेक्टरमधल्या पोळीभाजीवाल्याकडे 'स्वयंसेवा' अशी पाटी आहे, ताट आपलं आपण उचला. तुरुंगाच्या दारात उभ्या बाईने तोच अर्थ घेतला तर?

कोर्टनाका
घेतलाच होता! एका आजोबांनी विचारलं, "स्वयंसेवी, म्हणजे आमचं आम्हीच करायचं का?" तेव्हापासून आम्ही फक्त "फुकट मदत करणारे" म्हणतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' १९९० पासून तुरुंगात काम करतोय. त्यांच्याशी गाठ पडलेल्या लोकांच्या तोंडी संस्थेचं नाव नसतं, "त्या ताई" असतात.

तुम्हा सगळ्यांचं वाचून पहिला परिच्छेद असा केला:

"कोर्टाने जामीन मंजूर केला म्हणजे माणूस लगेच घरी येईल असं नाही. बहुतेक वेळा त्याच्यासाठी कोणीतरी जामीन राहावं लागतं. जामीन राहणं म्हणजे 'हा तारखेला येईल, नाही आला तर ठरलेली रक्कम माझ्याकडून घ्या' असं लिहून देणं. मामा, काका, शेठ, शेजारी, कोणीही चालेल. गावचा माणूस चालणार नाही असं कोणी सांगितलं तर आम्हाला भेटा. असा माणूस नसेल तर जातमुचलक्यावर सोडण्यासाठी अर्ज करता येतो. यासाठी जातीचा दाखला लागत नाही. पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांकडे जाऊ नका."

'कोणीही चालेल' वर वकीलसाहिबा ओरडतील.

वकीलसाहिबा वाशी
ओरडतेच. 'ज्याची ओळखीची आणि पत्त्याची कागदपत्रं आहेत असा कोणीही' करा. आणि अट शिथिल करायची की नाही हे कोर्टाच्या हातात आहे, म्हणून 'अर्ज करता येतो' हेच शब्द ठेवा, 'सुटका होते' नको.

शिरस्तेदार निवृत्त
'शेठ' ठेवा. मालक जामीन राहिला तर माणसाची नोकरीही टिकते, हे मी टेबलावरून पाहिलंय.

बाईंच्या मुलाचं पुढे काय झालं?

कोर्टनाका
सुटला. रक्कम तीच ठेवून कोर्टाने जातमुचलक्यावर सोडलं. बाई परवा येऊन गेल्या. जातीचा दाखला आमच्या टेबलावर राहिला होता, तो न्यायला.