मदत हवी आहे: सीएस २ मध्ये पावलं पुढची की मागची, वरची की खालची, तेच कळत नाही

दबकी_चाल

काउंटर-स्ट्राइक २ (सीएस २, दोन संघांचा बंदुकांचा गेम) मध्ये आवाजावरून डावं-उजवं नीट कळतं, पण पुढे-मागे आणि वर-खाली यांत सतत गल्लत होते. सगळ्यात जास्त गोंधळ न्यूक या दुमजली नकाशावर. वरच्या ए साइटवर (ए आणि बी या बॉम्ब लावायच्या दोन जागा) उभं असताना पळणारा माणूस त्याच मजल्यावर आहे की खाली बी मध्ये, हे सांगता येत नाही. मागून आलेली पावलं समोरची वाटतात.

सध्याची जोडणी: विंडोज ११, यूएसबी हेडसेट, त्याच्या सॉफ्टवेअरमधलं ७.१ सराउंड (चहूबाजूंच्या स्पीकर्सचा आभास) चालू. विंडोजच्या स्पेशियल साउंडमध्ये 'विंडोज सोनिक फॉर हेडफोन्स' निवडलेलं. पावलं मोठी ऐकू यावीत म्हणून लाउडनेस इक्वलायझेशनवर टिक. गेममध्ये ईक्यू (आवाजाच्या पट्ट्यांचा समतोल) प्रोफाइल 'क्रिस्प', एल/आर आयसोलेशन १०० टक्के, पर्स्पेक्टिव्ह करेक्शन 'येस'. बोलायला डिस्कॉर्ड. आणि डिस्कॉर्डवर कोणी तोंड उघडलं की गेमचा आवाज एकदम खाली जातो, तो वेगळाच त्रास.

नवा हेडसेट घ्यावा लागेल का?

कानोसा

हेडसेटवर एक रुपयाही घालू नका. तुमच्याकडे एकाच आवाजावर तीनदा तीच प्रक्रिया होतेय, बिघाड तिथे आहे.

सीएस २ स्वतःच एचआरटीएफ वापरतो, म्हणजे डोकं आणि कान आवाजात जो बदल करतात त्याची नक्कल. डोक्याच्या एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा आणि थोडा हळू पोचतो. शिवाय कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे वरच्या पट्टीतल्या काही कंप्रता कापल्या जातात. डावं-उजवं आपण मुख्यतः पहिल्या दोन गोष्टींवरून ओळखतो. पुढे-मागे आणि वर-खाली मात्र या तिसऱ्या, नाजूक फरकावरच अवलंबून असतं. गेम हे सगळं हिशेबात धरून दोन कानांसाठी दोन तयार वाहिन्या देतो.

आता विंडोज सोनिकला किंवा ७.१ वाल्या सॉफ्टवेअरला हे माहीतच नसतं. त्यांच्या लेखी ते दोन स्पीकर्सचं साधं संगीत. म्हणून ते समोर दोन काल्पनिक स्पीकर मांडतात, डाव्याचा थोडा आवाज उजव्या कानात सोडतात, वर खोलीचा घुमारा घालतात. पाळीचा जो बारीक ठसा गेमने उमटवला होता, त्यावर दुसरा ठसा बसतो. डावं-उजवं यातूनही तगून राहतं, म्हणून तुम्हाला तेवढंच कळतंय. बाकीचं पुसलं जातं आणि सगळं 'समोरून' येतंय असं वाटतं. तुमची तक्रार नेमकी हीच आहे.

या क्रमाने करा:

१. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये ७.१ बंद करून स्टिरिओ निवडा. 'गेम मोड', 'फूटस्टेप बूस्ट' अशा नावाचं काही असेल तर तेही बंद.

२. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, मग तुमचं उपकरण. स्पेशियल साउंड 'ऑफ'. त्याच पानावर ऑडिओ एन्हान्समेंट्स 'ऑफ', म्हणजे लाउडनेस इक्वलायझेशनही जाईल. मुख्य साउंड पानावर मोनो ऑडिओ बंद असल्याची खात्री करून घ्या.

३. जुन्या साउंड पॅनेलमध्ये (विंडोज आणि आर एकदम दाबून चौकटीत एमएमएसवायएस डॉट सीपीएल लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत) कम्युनिकेशन्स टॅबवर 'डू नथिंग' निवडा. तिथे मुळात ८० टक्के आवाज कमी करण्याचा पर्याय असतो. कोणी बोललं की गेम दबतो तो त्यामुळेच. डिस्कॉर्डच्या व्हॉइस विभागात अटेन्युएशन नावाची (इतर आवाज दाबणारी) वेगळी पट्टी आहे, ती शून्यावर आणा. दोन्हीकडे बदल करा, एकीकडे करून राहिलं तर दुसरीकडून दबेल.

४. संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू करा. कितीतरी हेडसेटची सॉफ्टवेअरं ७.१ गुपचूप परत लावतात, त्यामुळे चालू झाल्यावर पुन्हा बघून घ्या.

पडघम

वरचं सगळं बरोबर. गेममधल्या तीन गोष्टी राहिल्या.

एल/आर आयसोलेशन १०० म्हणजे बाजूचा आवाज फक्त त्याच बाजूच्या कानात. खऱ्या जगात असं होत नाही, डावीकडचा आवाज उजवा कानही थोडा ऐकतोच. १०० वर ठेवलं की एचआरटीएफने घातलेली वेळेची तफावत वाया जाते, कारण तुलना करायला दुसरा कानच उरत नाही. आधी शून्यावर खेळून बघा. बाजू पुरेशी स्पष्ट वाटली नाही तर १०-१० टक्क्यांनी वाढवा. माझ्या मते ५० च्या पुढे नेण्यात तोटाच.

पर्स्पेक्टिव्ह करेक्शन: १६:९ पडद्यावर या गेमचं दृश्य आडवं १०६ अंशांचं असतं. पण २४ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवर ठेवला तर तो तुमच्या डोळ्यांसमोर जेमतेम ४८ अंश व्यापतो. म्हणजे पडद्याच्या कडेला दिसणारा शत्रू गेमच्या जगात ५३ अंशांवर, तर तुमच्या खोलीत २४ अंशांवर. आवाज यातल्या कुठल्या कोनाला जुळवायचा, यासाठी तो पर्याय आहे. न दिसणाऱ्या शत्रूची दिशा ओळखायची असेल तर 'नो' ठेवा.

ईक्यू 'नॅचरल'. 'क्रिस्प' वरच्या पट्ट्या उचलतो. पावलं टोकदार होतात खरी, पण उंची ओळखायच्या खुणाही त्याच भागात असतात.

लाउडनेस इक्वलायझेशनबद्दल कानोसांपेक्षा मी जास्त कडक आहे. ते हळू आवाज वर खेचतं आणि मोठा खाली दाबतं. दूरचं पाऊल हळू, जवळचं मोठं, यावरूनच तर आपण अंतर ठरवतो! ती उतरंडच सपाट केली तर शत्रू दहा पावलांवर आहे की कोपऱ्यालगत, हे कशावरून ओळखणार?

कानोसा

मान्य. दिवसा पंखा-रस्त्याच्या गोंगाटात खेळणारे ते लावतात, ते समजू शकतो. पण मग बंद पाठीचे हेडफोन हा चांगला उपाय.

दबकी_चाल

सगळं केलं. आयसोलेशन २० वर ठेवलंय. डिस्कॉर्डचा त्रास पूर्ण गेला. मागचा आवाज आता बऱ्यापैकी मागचा वाटतो, तरी क्वचित शंका येते. न्यूकवर वर-खाली अजून चुकतंय. इक्वलायझर एपीओ (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर) टाकून पाहू का? आणि गेमच्या संगीताचं काय करायचं?

कानोसा

शंका आली की माउस हलवा. आवाज मधोमध वाटत असेल तर उजवीकडे ३०-४० अंश वळा. आवाज समोर असेल तर तो डावीकडे सरकेल, मागे असेल तर उजवीकडे. खऱ्या आयुष्यात आपण मान वळवून हेच करतो. गेमचं एचआरटीएफ सरासरी डोक्यासाठी बनवलेलं आहे, तुमच्या कानाची पाळी त्याला ठाऊक नाही, त्यामुळे एवढी मदत त्याला करावी लागते.

वर-खालीसाठी मात्र वळून फायदा नाही. तिथे जमिनीचा आवाज पाठ करा. लोखंडी जाळी, शिडी, काँक्रीट, प्रत्येकाचं पाऊल वेगळं वाजतं. न्यूकच्या व्हेंट्समधला (ए वरून बी कडे उतरणारे हवेचे बोगदे) पत्र्याचा खणखणाट एकदा कानात बसला की तो माणूस बी कडे उतरतोय हे दिशेशिवायही कळतं. एका मित्राला घेऊन खासगी सामना उघडा. तुम्ही ए साइटवर डोळे मिटून उभे राहा, तो ए वर, हेवनवर (ए च्या वरची उंच जागा), व्हेंट्समध्ये आणि बी मध्ये मनाला येईल त्या क्रमाने पळेल. ठिकाण मोठ्याने सांगायचं, चूक-बरोबर त्याने कागदावर लिहायचं. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि पुन्हा तेवढ्याच फेऱ्या घ्या. भर सामन्यात सेटिंग बदलून काहीच कळत नाही, कारण तिथे तुम्ही नकाशाच्या अंदाजावरही बरोबर येता.

पडघम

एपीओ वापरायचंच तर हात आखडता ठेवा. १५० हर्ट्झच्या खाली ३ ते ४ डेसिबल कमी, म्हणजे स्फोटांची घरघर पावलांवर पसरणार नाही. २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये फार तर ३ डेसिबल वाढ. ५ किलोहर्ट्झच्या वर हात लावू नका. जेवढी वाढ कराल तेवढाच प्रीअँप (एकूण आवाजाची पातळी) उणे करा. +३ केलं तर −३. नाहीतर एडब्ल्यूपीचा (गेममधली मोठ्या आवाजाची स्नायपर बंदूक) बार फाटून येतो.

संगीत: राउंड स्टार्ट, राउंड ॲक्शन, राउंड एंड, एमव्हीपी आणि डेथ कॅमेरा शून्यावर. टेन सेकंद वॉर्निंग मात्र १५-२० टक्के ठेवा. सीएस २ मध्ये लावलेला बॉम्ब ४० सेकंदांत फुटतो. निकामी करायला किट (त्यासाठीचं साधन) असेल तर ५, नसेल तर १० सेकंद लागतात. ती धून वाजली आणि तुमच्याकडे किट नाही, तर बॉम्बकडे न पळता पुढच्या फेरीसाठी बंदूक वाचवा.

रात्रपाळी

याच धाग्यात विचारतो. ब्लूटूथ इअरबड्स वापरले तर? माइक लावला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो.

कानोसा

स्पर्धेच्या खेळाला नकोच. माइक सुरू झाला की ब्लूटूथ सहसा हँड्स-फ्री प्रकारावर जातं, म्हणजे मोनो. दिशा संपली. माइक वेगळा लावला आणि आवाज स्टिरिओ राहिला तरी उशीर उरतो, तो सर्रास १५० ते २५० मिलिसेकंद असतो. एके-४७ घेऊन माणूस सेकंदाला २१५ युनिट (गेममधलं अंतराचं माप) पळतो. २०० मिलिसेकंद धरले तर ४३ युनिट. खेळाडूची रुंदी ३२ युनिट. कानावर पाऊल येतं तेव्हा तो स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त पुढे गेलेला असतो. वायर नको असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डाँगल असलेला हेडसेट घ्या. नाहीतर साधे वायरचे स्टिरिओ इअरफोन, तेही उत्तम चालतात.

रात्रपाळी

आणि व्हॅलोरंट या तशाच दुसऱ्या गेमला हेच लागू?

पडघम

तत्त्व तेच, पण तिथे एचआरटीएफ हाताने चालू करावं लागतं. ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर कॉन्फिगरेशन स्टिरिओ, एचआरटीएफ 'ऑन', बाहेरचं सगळं सराउंड बंद. स्पाइकचं (तिथल्या बॉम्बचं) गणित वेगळं: फुटायला ४५ सेकंद, निकामी करायला ७. साडेतीन सेकंद पूर्ण झाले की अर्धं काम राखून ठेवलं जातं. म्हणून निकामी करण्याचा आवाज आला की मनात मोजायला लागा. साडेतीनच्या आत थांबला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सात लागतील.

दोन्ही गेमसाठी एक सांगतो. पावलं ऐकायला आवाज चढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. खासगी सामन्यात स्वतः एडब्ल्यूपी झाडून बघा. दचकायला झालं तर आवाज कमी करा, आणि आधी खोलीतला पंखा एक घर खाली आणा.

दबकी_चाल

आज रात्री न्यूकवर मित्राबरोबर डोळे मिटून फेऱ्या घेतो. आधी आयसोलेशन शून्य विरुद्ध २०, मग 'क्रिस्प' विरुद्ध 'नॅचरल'. आकडे इथेच टाकतो.