तटात राहून तटस्थ? ‘फॅक्शन’साठी शब्द हवा आहे

जनकगंजकर
मंडळी, एक गंमतशीर अडचण आहे. आमच्या लष्करात (ग्वाल्हेरच्या हो, फौजेतल्या नव्हे) घरातली पोरं रविवारी जमून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. त्यातही २०१४ साली सुरू झालेली ‘अ‍ॅडव्हेंचरर्स लीग’ ही सामायिक मोहीम. तिची पद्धत अशी की आपलं पात्र आपल्याच मालकीचं. आज ग्वाल्हेरला एका टेबलावर खेळलात, उद्या बंगळूरला दुसऱ्या टेबलावर बसलात, तरी पात्र तेच. कमाई आणि पराक्रम नोंदीच्या कागदावर चढत जातात. धाकटी दोघं मराठी शाळेतली नाहीत, पण आजीला खेळ समजावून सांगायचा म्हणून पात्राचा कागद मराठीत करायचं ठरलं. ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

अडलं ते ‘फॅक्शन’वर. फॅक्शन म्हणजे त्या खेळाच्या जगातली संघटना, आपलं पात्र जिच्या बाजूचं ती. अशी पाच फॅक्शन आहेत, त्यांतलं एक निवडायचं: हार्पर्स, ऑर्डर ऑफ द गॉन्टलेट, एमराल्ड एन्क्लेव्ह, लॉर्ड्स अलायन्स, झेंटारिम. ‘गट’ म्हणता येईना, कारण टेबलावर जे तीन ते सात जण मिळून हिंडतात त्यांनाच पोरं ‘आमचा गट’ म्हणतात. एका गटात पाचही फॅक्शनचे लोक असू शकतात. ‘पक्ष’ म्हटलं तर आजी विचारणार, कोणाला मत द्यायचंय? म्हणून मी ‘तट’ लिहिलं. ‘गावात दोन तट पडले’ असं आपण म्हणतोच.

छापून झाल्यावर पुतणी कागद घेऊन आली. वरती ‘तट: एमराल्ड एन्क्लेव्ह’, खाली ‘वृत्ती: तटस्थ’ (पात्र सुष्ट, दुष्ट की मधलं, म्हणजे न्यूट्रल, ते सांगणारा रकाना). म्हणाली, “काका, मी तटात आहे की नाही ते एकदा ठरवा.”

तर शब्द सुचवा. आणि कोणी खेळणारं असेल तर हेही सांगा: तिचं मन हार्पर्स आणि एन्क्लेव्ह यांच्यात लोंबकळतंय. कुठं जावं?

फासेवाला
मी खेळतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं आधी. पात्र रानावनातलं असेल (ड्रुइड, रेंजर) तर लोक डोळे झाकून एन्क्लेव्ह घेतात. रान आणि वस्ती यांचा तोल राखायचा, एकानं दुसऱ्याला गिळू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. हार्पर्सचं सगळं छुपं असतं: माहिती काढा, जुलमी माणसाचा डाव आतून उसकटा, नाव कुठं येऊ देऊ नका. पुतणीला टेबलावर बोलायला आवडतं की गप्प राहून मग एकदम काहीतरी करायला आवडतं, ते बघा. आणि वृत्ती दुष्ट ठेवायची हौस असेल तर लीगच्या मूळ नियमांत लॉर्ड्स अलायन्स किंवा झेंटारिम याच दोन वाटा होत्या, त्याही ‘कायदा पाळणारा दुष्ट’ असेल तरच.

शब्दाचं म्हणाल तर ‘फॅक्शन’च ठेवा. आजीला ‘स्टेशन’ कळतं, ‘फॅक्शन’ही कळेल.

शुद्धमती
हे ‘कळेल’ प्रकरण कुठवर न्यायचं? ‘तट’ चांगला शब्द आहे. अडचण तटात नाही, ‘तटस्थ’ला न्यूट्रल करून ठेवलंत त्यात आहे. वृत्तीसाठी ‘समवृत्ती’ किंवा ‘उदासीन’ लिहा, प्रश्न मिटला.

जनकगंजकर
‘उदासीन’ नको हो ताई. आजी म्हणेल, पोरीला काय झालंय?

मोडीवाचक
पण प्रश्न मुळात खरा आहे. तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला, प्रवाहात न उतरलेला. मग ‘दोन तट पडले’ म्हणजे काय? एका नदीला दोन काठ, माणसं दोन बाजूंना, असं घ्यायचं का? मग तटस्थ माणूसही कुठल्यातरी एका काठावरच उभा असणार! मधे उभा राहिला तर बुडेल.

मला तर या शब्दाचा हाच अर्थ जास्त खरा वाटतो. आमच्या वाड्यात भाडेकरूंचं भांडण झालं की ‘मी तटस्थ’ म्हणणारे कोणाच्या काठावर उभे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

बडोदेवाली
मधेच बोलते. ‘तट पडणे’मधला तट काठाचा नसावाच. गुजरातीत ‘तड पडवी’ म्हणतात, ज्ञातीत फूट पडली की. अमक्या ज्ञातीत दोन तड आहेत, असं इथं वडोदऱ्यात आजही ऐकू येतं. तड म्हणजे भेग, आपला ‘तडा’च. तेव्हा मराठीतही मूळ ‘तड पडणे’ असणार आणि कोणा शहाण्यानं त्याला संस्कृत वेश चढवून ‘तट’ केलं असणार. आणि पुरावा म्हणाल तर ‘तडजोड’. भेग पडलेली जोडायची, ती तड-जोड. बघा कसं बसतं!

कागदावर ‘तड’ लिहा, तटस्थशी टक्करच होणार नाही.

मोडीवाचक
बसतं छान, म्हणूनच संशय येतो. तडीस नेणे, तडीपार, पैलतड यांत तड म्हणजे काठच आहे की. संस्कृत तटाची प्राकृतात तड होणं हा अगदी सरळ रस्ता आहे, त्यासाठी शहाणा माणूस लागत नाही. तुम्ही काठावरून निघालात आणि भेगेतून फिरून परत काठावर आलात.

बडोदेवाली
मग तडजोड म्हणजे दोन काठ जोडणं? तो तर पूल झाला.

मोडीवाचक
का नको?

फालकाबाजार
तुम्ही लोक नदीत उतरलात, इथं आमच्या गावची नदी स्वर्णरेखा, तिची अवस्था विचारू नका. ग्वाल्हेरच्या माणसानं असा प्रश्न विचारावा आणि ‘कंपू’ कोणाला सुचू नये याचं नवल करून राहिलोय.

कंपू हा आमच्या गावचा शब्द आहे. लष्करात कंपू नावाचा मोहल्लाच आहे. महादजींनी डी बॉइन या युरोपियन सेनानीकडून जी कवायती पायदळाची फौज उभी करवली, त्या पलटणींच्या समूहाला मराठी कागदांत ‘कंपू’ म्हणायचे. म्हणजे तो आधी फौजेचा शब्द, मग वस्तीचा, आणि मग कुठल्याही घट्ट टोळक्याचा. आज मराठी संकेतस्थळांवर कोणी कोणाची पाठ थोपटली की तिसरा लगेच ‘कंपूबाजी!’ म्हणतो. फॅक्शनला याहून चपखल काय हवं? झेंटारिमचा कंपू. ऐका कसा घुमतो.

आणि बघा, ग्वाल्हेरचा हिंदी पेपर उघडा, नेत्यांचे ‘खेमे’ असतात. खेमा म्हणजे तंबू. लष्कर हे नाव दौलतरावांनी १८१० च्या सुमारास इथं टाकलेल्या छावणीचं. पलीकडे ‘शिंदे की छावनी’. या गावात माणसानं बाजू घ्यायची म्हणजे कुणाच्या तरी तंबूत शिरायचं, हे दोनशे वर्षांपासून ठरलेलं आहे.

शुद्धमती
म्हणजे ‘कॅम्प’! फॅक्शन हा इंग्रजी शब्द नको म्हणून कॅम्प हा इंग्रजी शब्द घ्यायचा.

फालकाबाजार
इंग्रजी कशावरून? पोर्तुगीज ‘कांपो’ असेल. आणि दोनशेहून जास्त वर्षं मराठीत नांदलेल्या शब्दाला अजून पासपोर्ट मागायचा असेल तर ‘पलटण’ही काढा, ‘काडतूस’ काढा, ‘गारदी’ काढा. पानिपतावर मग कोणाला उभं करणार?

शुद्धमती
नांदलेला आणि घरात घेतलेला यात फरक असतो. शिवाय कंपूत निंदा आहे. कोणी स्वतःहून ‘मी अमक्या कंपूतला’ असं म्हणतं का? फॅक्शन तर अभिमानानं निवडायचं असतं.

फासेवाला
हा मुद्दा मात्र मानावा लागेल. ऑर्डर ऑफ द गॉन्टलेटचे लोक दुष्टानं दुष्कृत्य केल्याशिवाय आधी हात उचलत नाहीत, इतके नियमाचे पक्के. त्यांना कंपू म्हटलं तर ते तलवार उपसणार नाहीत, पण फार वेळ भाषण देतील.

तंबोरा
संगीतवाल्याची एक सूचना. ‘घराणं’. हद्दू खाँ, हस्सू खाँ या गवयांच्या गावात बसून हा शब्द आठवू नये? घराण्यात जन्मानंच यावं लागतं असं नाही, गंडा बांधून शिरता येतं. घराण्याची चाल असते, नियम असतात, दुसऱ्या घराण्याचं गाणं ऐकताना मान डोलवायची की नाही हेही ठरलेलं असतं. आणि मैफलीत तबल्याला एका घराण्याचा, पेटीवर दुसऱ्याचा, गायक तिसऱ्याचा, असं चालतं. तुमच्या टेबलासारखंच.

बडोदेवाली
हे आवडलं. पण घराणं बदललं की लोक काय काय बोलतात! फॅक्शन बदलता येतं का?

फासेवाला
लीगच्या मूळ नियमांत येत होतं, पण जुन्या फॅक्शनमध्ये कमावलेला ‘रिनाउन’, म्हणजे तिथलं नाव, गमवावा लागायचा. वरच्या पायऱ्या पुन्हा खालून चढायच्या.

तंबोरा
मग घराणंच ते.

फालकाबाजार
लॉर्ड्स अलायन्सला ‘घराणं’ म्हणाल? वॉटरडीप, नेव्हरविंटर अशा शहरांचे सत्ताधीश संरक्षणापुरते एकत्र आलेत, आणि प्रत्येकाचा जीव आपापल्या शहरात. ते तर सरळ ‘बारभाई’. नाना, सखारामबापू, महादजी, तुकोजी होळकर. १७७४ ला राघोबाला हटवायला एक झाले आणि एकमेकांच्या पानात काय वाढलंय ते बघत बसले.

मोडीवाचक
एका वाक्यात शिंद्यांची बाजू घेऊन शिंद्यांनाच टोमणा. अस्सल लष्करवाले आहात.

जनकगंजकर
अहो, पाचांचं मिळून एक नाव हवंय. एकेकाची नावं नंतर. तरी ‘हार्पर्स’ला मी ‘वीणावाले’ केलंय, जमतंय का?

शुद्धमती
‘वीणावाले’ दुकानाच्या पाटीसारखं वाटतं. ‘विणेकरी’ म्हणा. दिंडीतला विणेकरी कसा उभा असतो! गळ्यात वीणा, ती खाली ठेवायची नाही. पहाऱ्यावर वीणेची पाळी बदलताना आधी दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मग पहिला मोकळा होतो. छुपा संघ चालवायचा तर हेच हवं, काम हातातून हातात, खंड नाही.

तंबोरा
पण विणेकरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो ताई. हार्पर तर लपलेला.

शुद्धमती
विणेकऱ्याकडे सगळे बघतात, पण नाव कोण विचारतं?

फासेवाला
हे मी आमच्या टेबलावर चोरणार आहे. झेंटारिमला ‘काळं जाळं’ चालेल का? मूळ टोपणनाव तसंच आहे, ब्लॅक नेटवर्क. पैसे मोजले की तलवारी भाड्यानं देतात.

फालकाबाजार
मग ते पेंढारी.

मोडीवाचक
पेंढारी लुटीवर जगायचे, पगारावर नव्हे. भाडोत्री आणि लुटारू एकाच पोत्यात घालू नका. त्यांच्यात आणि तुमच्या कंपूत फरकच तो होता, कंपूला दरमहा पगार ठरलेला, थकला की धरणं.

फालकाबाजार
पगार थकल्यावर धरणं धरतो तो कंपू, ही व्याख्या मात्र मी आमच्या खात्यात सगळ्यांना ऐकवणार.

जनकगंजकर
पुतणीनं विणेकरी घेतला, ‘नाव छान आहे’ म्हणून. फॅक्शनच्या रकान्यात सध्या पेन्सिलीनं ‘कंपू’ लिहिलंय. आजीनं वाचलं आणि विचारलं, “कंपूला राहायला गेली का ही? तिथं पाण्याचा त्रास आहे.” आता ‘रिनाउन’ला काय म्हणू? ‘लौकिक’ लिहिलं तर जो संघ लपून काम करतो त्याच्यात लौकिक कसा वाढणार, असं धाकटा विचारून राहिला आहे.

बडोदेवाली
‘पत’ लिहा. पत आपल्या माणसांतच असते.

शुद्धमती
पत बँकेची.