मदत हवी आहे: ट्यूब बदलायलाही शिडी बंद?

चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. महिन्याभरापासून शिडीवर सरसकट बंदी आहे. साडेतीन मीटरवरची ट्यूब बदलायची तरी परमिट (कामाची लेखी परवानगी) काढून परांची बांधायची. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस, आणि परांची बांधताना-सोडताना माणूस उंचीवर असतोच, तो धोका कुणी धरतच नाही!

फरशी सपाट आहे, फायबरची घडीची शिडी आहे, खाली हेल्पर असतो, विजेची लाइन बंद करूनच चढतो. सिझर लिफ्ट (माणसाला वर उचलणारी चाकांची लिफ्ट) मशिनांच्या मधून जात नाही. सेफ्टी ऑफिसर साहेबांना आयएस ३६९६ या भारतीय मानकाचा शिड्यांवरचा भाग २ दाखवला. ब्रिटनची एचएसई ही कामाच्या सुरक्षेची सरकारी संस्थासुद्धा कमी धोक्याच्या, एका जागी ३० मिनिटांच्या आतल्या कामाला शिडी चालते म्हणते. पण 'हेड ऑफिसची पॉलिसी' एवढंच उत्तर मिळालं.

तुमच्याकडे शिडीचं वेगळं परमिट आहे का? त्यात उंची आणि वेळेची मर्यादा किती ठेवली आहे?