काकडीचं धोंडस ओव्हनमध्ये: वरून काळं, मधे गिच्च

घाटावरची

आठ-दहा माणसांच्या जेवणात पानात डावी-उजवीच्या जोडीला एकेक वडी वाढता येईल, असं काकडीचं धोंडस (काकडी, तांदळाचा रवा आणि गुळाचं, दोन्हीकडून आच देऊन भाजलेलं कोकणातलं गोड) करायचं आहे. चूल-निखारे नाहीत. २८ लिटरचा ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) आहे, वर-खाली दोन्ही कॉइल चालतात. २ वाट्या इडली रवा, ३ बाजारच्या हिरव्या काकड्या किसून, दीड वाटी गूळ, १ वाटी ओलं खोबरं, सगळं एकत्र कालवून २०० अंशांवर ४० मिनिटं ठेवलं. वरचा थर काळा पडला, मधे गिच्च, आणि रव्याची कणी दाताखाली कचकच लागते. दुसऱ्यांदा पाणी वाढवलं तर तळाशी घट्ट थर बसला आणि वर लापशी. कणी कच्ची आणि मिश्रण मात्र पातळ, हे एकाच वेळी कसं होतं? प्रमाण चुकतंय की पद्धत?

माजघर

ताई, प्रमाणात थोडी आणि क्रमात मोठी चूक आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर गुळात आहे. कच्च्या रव्यात गूळ आधी पडला की पाणी तो धरून ठेवतो आणि तांदळाच्या कणीला फुगायला पुरेसं मिळत नाही. शिवाय गोड पाण्यात तांदूळ शिजायला जास्त उष्णता लागते. म्हणून मिश्रण सैल दिसतं आणि कणी कच्ची राहते. अशा वेळी कितीही पाणी वाढवलं तरी उपयोग नाही. रवा आधी शिजवायचा, गूळ मग. शिऱ्याला किंवा गोड सांज्याला आपण जे करतो तेच.

१८० मिलीच्या वाटीने प्रमाण देते. ८ इंची गोल डब्यात साधारण ४ सेंमी उंचीचं होतं, मध्यम १२ वड्या पडतात.

तांदळाचा रवा २ वाट्या (साधारण ३०० ग्रॅम), तवशाचा (मोठ्या जून काकडीचा) किस त्याच्या पाण्यासकट ७०० ग्रॅम, चिरलेला गूळ दीड वाटी (सव्वादोनशे ग्रॅम), ओलं खोबरं १ वाटी, तूप ४ मोठे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा, वेलची-जायफळ, पंधरा-वीस काजू तासभर भिजवून, हळदीची २ पानं. किस वाटीने मोजू नका. सैल भरला की दाबून भरला यावर अर्धा-पाऊण वाटीचा फरक पडतो आणि तिथेच धोंडस बिघडतं. वजन करा.

जाड बुडाच्या कढईत २ चमचे तुपावर रवा मंद आचेवर ७-८ मिनिटं भाजा. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त वास सुटला पाहिजे आणि उलथन्यावरून रवा मोकळा घरंगळला पाहिजे. भाजल्याने कणी वेगळी राहते, चीक सुटत नाही. दुसऱ्या पातेल्यात किस त्याच्या पाण्यासकट उकळवा. रटरट उकळी आली की मीठ घालून रवा एका हाताने भुरभुरत सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर १०-१२ मिनिटं. मधे दोनदा तळापासून हलवा. आता एक कणी बोटांत दाबून बघा. चिरडली गेली आणि आत पांढरा ठिपका दिसला नाही, तरच गूळ घालायचा. ठिपका दिसत असेल तर पाव वाटी उकळतं पाणी शिंपडून आणखी ५ मिनिटं वाफ द्या. गूळ पडल्यावर ती कणी मऊ होणार नाही.

गूळ विरघळला की मिश्रण पुन्हा सैल होतं. घाबरून वर रवा टाकू नका. ३-४ मिनिटं परतलं की गोळा कडेने सुटायला लागतो. मग खोबरं, काजू, वेलची-जायफळ. उलथनं मधे उभं केल्यावर हळूहळू कलंडलं तर योग्य. ताठ उभं राहिलं तर घट्ट झालंय, दोन चमचे नारळाचं दूध घाला. लगेच पडलं तर आणखी परता.

डब्याला तूप लावून हळदीची पानं आडवी-उभी घाला, त्यांनाही तूप लावा. मिश्रण ओतून ओल्या हाताने दाबून सपाट करा. मधे पोकळी राहिली तर वडी तिथेच तुटते. वर एक चमचा तूप सोडा.

ओटीजी १८० अंशांवर १० मिनिटं आधी तापवा. डबा मधल्या फळीच्या एक घर खाली. पहिली २५ मिनिटं वरून फॉइल किंवा केळीचं पान, फक्त खालची कॉइल. मग झाकण काढून दोन्ही कॉइलवर १५-२० मिनिटं. गूळ २०० अंशांना आतलं शिजायच्या आधी करपतो, तुमचा काळा थर त्यामुळेच. कडा डब्यापासून सुटल्या, वर बदामी-तपकिरी रंग आला आणि सुरी घातल्यावर ओलं पीठ चिकटलं नाही की झालं. सुरीला थोडं तूप आणि चिकटपणा लागणारच, तो कच्चेपणा समजू नका.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गरम असताना कापू नका. किमान अडीच-तीन तास डब्यातच राहू दे. शिजलेला तांदूळ थंड होताना घट्ट होतो आणि तेव्हाच वडी पडते. गरमागरम कापलेलं धोंडस नेहमी गिच्चच वाटतं, मग ते कितीही नीट भाजलेलं असो.

काजूबी

माजघरच्या क्रमाशी सहमत, पण कच्चं कालवून भाजायची पद्धत चुकीची नाही. गोव्यात तवसळी (तिकडचं धोंडस) बऱ्याच घरांत तशीच करतात, काही जण भाजण्याऐवजी वाफवतात. फक्त तिथेही आधी रवा आणि किस एकत्र करून दोन तास झाकून ठेवतात. रवा काकडीचं पाणी पिऊन फुगला की गूळ-खोबरं घालतात. ताईंनी गूळ लगेच घातला, भिजवण बसलीच नाही.

या पद्धतीत भाजायला ६५-७० मिनिटं लागतात आणि मिश्रण इडलीच्या पिठाइतकंच सैल हवं. त्याहून पातळ झालं तर रवा खाली बसतो, पाणी वर राहतं. तुमचा दुसऱ्यांदाचा घट्ट तळ तो हाच. पहिल्यांदा करणाऱ्याने शिजवून घेतलेलं बरं, कारण कणी शिजली की नाही हे ओव्हनमध्ये जायच्या आधीच हाताला कळतं.

इडली रव्याबद्दल: तो उकड्या तांदळाचा असतो, कणी टणक असते, शिजायला पाच-सात मिनिटं जास्त आणि पाणी पाव ते अर्धी वाटी जास्त लागतं. साधा तांदळाचा रवा घरी करायचा तर जुना तांदूळ धुऊन, कापडावर सावलीत दीड-दोन तास पसरून, पूर्ण कडक वाळायच्या आत मिक्सरला फिरवायचा. एकदम फिरवत ठेवलं तर अर्धं पीठ होतं. थांबून थांबून तीन-चार वेळा फिरवा आणि चाळून पीठ बाजूला काढा. पीठ राहिलं की धोंडस खळीसारखं चिकट होतं.

नीरफणस

काकडीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. बाजारची कोवळी हिरवी काकडी म्हणजे नुसतं पाणी. धोंडसाला लागतं ते जून तवसं: पिवळट-तपकिरी सालीचं, एकेक किलो-दीड किलोचं, पावसाळ्यात मांडवावर धरणारं. कोकणात ते आढ्याला टांगून महिनोन्महिने टिकवतात. त्याचा गर घट्ट असतो, किसाला धागा असतो, आणि धोंडसाला अंग त्या धाग्यामुळे येतं. साल काढायची, उभं चिरून बिया आणि भोवतीचा मऊ आंबूस गाभा पूर्ण काढायचा. तो गाभा राहिला तर गोडाला आंबट झाक येते आणि दुसऱ्याच दिवशी वास येतो.

देठाकडचा तुकडा आधी चाखून बघा. कडवटपणा तिथे जास्त असतो. देठ कापून पुढचा गर गोड लागला तर वापरा. सगळंच कडू असेल तर टाकून द्या. शिजवून, मीठ लावून, गूळ वाढवून कडूपणा जात नाही, आणि फार कडू काकडी पोटालाही बाधते.

तवसं मिळत नसेल तर मुंबईत माटुंग्याच्या बाजारात मिळणारी मंगळुरी सांबार काकडी जवळची आहे. तिचा किस कमी ओला असतो, म्हणून अर्धी वाटी पाणी वरून घ्या. हिरव्याच काकड्या वापरायच्या तर किस हलका पिळून रस वेगळा काढा आणि दोन्ही मोजून एकत्र ७०० ग्रॅमच घ्या. उरलेला रस आमटीत. वरच्या प्रमाणातल्या तीन काकड्या किती ग्रॅमच्या होत्या त्यावर सगळं अवलंबून आहे. त्या २०० ग्रॅमच्याही असतात आणि ३५० च्याही.

घाटावरची

सगळ्यांचे आभार. आता क्रम स्पष्ट झाला. दोन शंका. जेवणात वाढायचं तर दीड वाटी गूळ जास्त गोड होईल का, कमी केला तर चालेल? आणि हळदीची पानं नसतील तर चिमूटभर हळद घालू का?

माजघर

पानात बाजूला वाढायचं तर पाऊण ते एक वाटी गूळ पुरे. मात्र गूळ विरघळून जी ओल देतो तीही कमी होते, म्हणून किस शिजताना पाव वाटी पाणी वाढवा, नाहीतर वडी कोरडी होऊन ठिसूळ पडते. पाऊण वाटीच्या खाली जाऊ नका. मग वरून रंगही येत नाही आणि ते धड तिखटामिठाचं नाही, धड गोड नाही असं लागतं. मीठ मात्र कमी करू नका. बरोबर घरचं लोणी आणि मुरलेलं लिंबाचं लोणचं द्या, किंवा वर घट्ट नारळाचं दूध. कोकणात ते असंच खातात आणि जेवणाच्या पानात तेच शोभतं.

हळद रंग देईल, वास देणार नाही. पानाचा सुगंध वेगळा, पुडीचा वेगळा. पुडीने उलट उग्र वास येतो. पान नसेल तर केळीचं पान घाला आणि वेलची थोडी वाढवा. श्रावण-भाद्रपदात, विशेषतः गणपतीच्या आधी, भाजीवाल्यांकडे हळदीची पानं असतात. धोंडस करायचे दिवसही तेच. खायचा सोडा घालायचा सल्ला कुठे वाचलात तर दुर्लक्ष करा. गुळाबरोबर सोडा पडला की रंग काळपट होतो आणि साबणासारखी चव येते. धोंडस फुगायचं नसतं, बसायचं असतं.

ओलीसुकी

ओव्हन नसलेल्यांसाठी गॅसवरचं लिहिते, प्रश्न येणारच आहे. खाली जाड लोखंडी तवा, त्यावर जाड बुडाचं पातेलं, सर्वांत बारीक आच, ४५ मिनिटं. झाकण घट्ट. अशाने तळ खरपूस होतो पण वरचं अंग पांढरं राहतं. त्यावर उपाय म्हणजे दुसरा लोखंडी तवा चांगला तापवून झाकणावर ठेवायचा, दर ८-१० मिनिटांनी पुन्हा तापवायचा, असं चार वेळा. वाफेचं पाणी झाकणावरून खाली ठिबकलं तर वर खड्डे पडतात, म्हणून झाकणाला आतून कापड बांधा आणि त्याची टोकं वर गाठीत घ्या, म्हणजे ज्योतीजवळ लोंबणार नाहीत.

निखाऱ्यांवर करणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते इतकंच, की वर दोन भाग, खाली एक भाग. तळाला आच थेट लागते, वरची झाकणातून येते. करवंटीचे निखारे झटकन तापतात आणि झटकन विझतात, सोडणांचे (नारळाच्या वरच्या काथ्याच्या सालीचे) मंद पण टिकाऊ. खाली सोडणं, वर करवंट्या, आणि वरच्या वीस मिनिटांनी बदलायच्या.

घाटावरची

आदल्या दिवशी करून ठेवलं तर?

काजूबी

करा, उलट बरं. ओलं खोबरं आहे म्हणून पावसाळी हवेत बाहेर एक दिवसाच्या वर नको. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं, पण तिथे तांदूळ कडक होतो. थंडगार वाढू नका. वडी तव्यावर थेंबभर तुपात दोन्ही बाजूंनी झाकण ठेवून ३-४ मिनिटं गरम करा. आतून पुन्हा मऊ होते आणि कडा कुरकुरीत. वड्या कापताना सुरी प्रत्येक वेळी गरम पाण्यात बुडवून पुसा, काजूपाशी फाटत नाही.