मदत हवी आहे : यंत्राने ‘ओ’ ठरवलेला गट ‘बॉम्बे’ (ओ पेशींवरही असणारा एच प्रतिजन नसलेला दुर्मिळ गट) असू शकतो का?

बहिणीच्या पुढील महिन्यातील शस्त्रक्रियेपूर्वी स्वयंचलित यंत्रावर जेल कार्डने (जेल भरलेल्या बारीक नळ्यांचे कार्ड) केलेल्या तपासणीत तिचा रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ आला. परंतु रक्तपेढीत ‘ओ’ गटाच्या चारही पिशव्यांशी क्रॉसमॅच (दात्याच्या पेशी रुग्णाच्या सीरमशी जुळतात का, याची चाचणी) जुळला नाही. त्या कार्डात रिव्हर्स ग्रुपिंगसाठी (ज्ञात गटाच्या पेशींवर रुग्णाचे सीरम तपासून गट ठरवणे) केवळ ए आणि बी पेशी होत्या, ओ पेशी नव्हत्या. माझ्या मते खरा गट निसटला तो तिथेच. नंतर टेस्ट ट्यूबमध्ये हाताने केलेल्या तपासणीत तिच्या सीरमने ओ पेशींच्याही गुठळ्या केल्या, तिच्या पेशींनी मात्र अँटी-एच लेक्टिनला (एच प्रतिजन ओळखणारे वनस्पतिजन्य प्रथिन) प्रतिसाद दिला नाही. ऑटोकंट्रोल (तिचेच सीरम तिच्याच पेशींवर तपासणे) निगेटिव्ह आहे. तिला यापूर्वी कधीही रक्त दिलेले नाही. आता पॅरा-बॉम्बेची (एच पेशींवर अत्यल्प किंवा लाळेसारख्या स्रावांत असलेला जवळचा प्रकार) शक्यता वगळण्यासाठी लाळेची तपासणी पुरेशी ठरते, की अ‍ॅडसॉर्प्शन-इल्यूशनही (पेशींना प्रतिपिंडे चिकटवून ती पुन्हा सोडवून अत्यल्प प्रतिजन शोधणे) करावेच लागते?